माळरानाची पिवळी खूण : तरवड

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता सुमारे दोनशे किलोमीटरचा आहे. एवढ्या अंतरात महाराष्ट्रातील दोन अगदी वेगळे प्रदेश एकापाठोपाठ पाहायला मिळतात. घाटाखाली ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडून आळेफाट्याच्या पुढे पारनेरच्या माळावर पोहोचेपर्यंत तो पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. झाडे खुजी आणि काटेरी होतात, त्यांच्यातील अंतर वाढते आणि मधली जागा गवत व्यापते. नवरात्राच्या सुमारास या वाटेने गेल्यास रस्त्याच्या दुतर्फा, बांधांवर आणि मुरमाड उतारांवर गर्द पिवळ्या फुलांची कमरेएवढी झुडपे फुललेली दिसतात. हा तरवड. खोपटच्या एसटी स्थानकावरून घाटावरच्या गावाकडे जाणाऱ्या ठाणेकरांच्या तो नजरेखालून गेलेला असतो, पण पुष्कळांना त्याचे नाव सांगता येत नाही.

पाऊस दडी मारतो, विहिरी आटतात, ज्वारी करपते, तरी तरवडाची हिरवाई टिकून असते. हे झुडूप मुद्दाम कोणी लावत नाही, त्याला खत-पाणी घालत नाही आणि त्याची राखणही करीत नाही. म्हणूनच ते जिथे वाढते ती जमीन ‘पडीक’ असा समज रूढ झाला. या समजाचा पाया तपासून पाहण्यासारखा आहे, कारण दख्खनच्या हजारो हेक्टर माळरानाचे भवितव्य या एका शब्दावर ठरत आले आहे.

नाव आणि ओळख

तरवडाचे शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये त्याचे वर्णन ‘कॅशिया ऑरिक्युलाटा’ या नावाने केले होते. पुढे विल्यम रॉक्सबर्ग याने त्याला सेन्ना प्रजातीत घातले. तरीही बराच काळ जुनेच नाव प्रचारात राहिले. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नेबी या अभ्यासकांनी पसरट ‘कॅशिया’ प्रजातीची तीन प्रजातींत विभागणी केल्यानंतर सेन्ना हे नाव सर्वत्र स्थिरावले. ऑरिक्युलाटा म्हणजे ‘कानासारखे भाग असलेली’. पानाच्या देठाशी असणारी दोन मोठी, मूत्रपिंडाच्या आकाराची उपपर्णे खरोखरच कानाच्या पाळीसारखी दिसतात. तरवड ओळखण्याची ही सर्वांत खात्रीची खूण होय.

संस्कृतात त्याला आवर्तकी, गुजरातीत आवळ, तेलुगूत तंगेडू आणि तमिळमध्ये आवारम म्हणतात. भारतीय उपखंडाचे कोरडे भाग आणि श्रीलंका हे त्याचे मूळ घर आहे. महाराष्ट्रात तो देशावर, मराठवाड्यात आणि खानदेशात सर्वत्र आढळतो. कोकणपट्टीतील मुसळधार पाऊस आणि दाट झाडोरा मात्र त्याला मानवत नाही.

झुडूप साधारण एक ते तीन मीटर उंच वाढते. साल तांबूस तपकिरी असते. पान संयुक्त असून त्यावर पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक उभी ग्रंथी दिसते. फुले फांद्यांच्या टोकाला झुपक्यांनी येतात. पाच सेंटिमीटरच्या आसपास रुंदीच्या या फुलाला पाच सुरकुतलेल्या, सोनपिवळ्या पाकळ्या असतात. शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ असून वाळल्यावर वाऱ्याने खुळखुळते.

ठाणे-कल्याण परिसरात तरवड दुर्मीळ असला तरी त्याचे भाऊबंद शहराला चांगले परिचित आहेत. पावसाळ्याच्या आरंभी आदिवासी महिला बाजारात ज्याच्या कोवळ्या जुड्या विकायला आणतात तो टाकळा याच सेन्ना प्रजातीतील आहे. उकिरड्यांच्या कडेला उगवणारा कासविंदा आणि रेचक म्हणून वापरली जाणारी सोनामुखी याही त्याच्याच बहिणी. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पिवळ्या झुंबरांनी लगडणारा बहावा मात्र कॅशिया प्रजातीतच राहिला आहे, म्हणजे तो चुलतभाऊ. ओळखताना एक सावधगिरी बाळगावी लागते. सेन्ना युनिफ्लोरा हे अमेरिकेतून आलेले, पिवळ्याच फुलांचे तण आता दख्खनमध्ये रस्तोरस्ती पसरले आहे. गाजरगवताला आळा घालील म्हणून एके काळी त्याच्या लागवडीचा पुरस्कार झाला होता. ते एका पावसाचे, लहान फुलांचे रोप असते. तरवड हा बहुवर्षायू आणि इथल्याच मातीतला.

दुष्काळात टिकण्याची रीत

दख्खनच्या माळावर बेसाल्ट खडकावरचा मातीचा थर अनेक ठिकाणी वीतभरही नसतो. पाऊस चार महिन्यांत, तोही मोजक्या दिवसांत पडतो आणि उताराने वाहून जातो. अशा ठिकाणी तरवडाचे सोटमूळ खडकाच्या भेगांतून खोल जाते. वरचा थर कोरडा ठणठणीत झाला तरी खालच्या ओलाव्याशी त्याचा संबंध तुटत नाही. पर्णिका लहान असल्याने उन्हात त्या फार तापत नाहीत. रात्री त्या मिटून घेतल्या जातात.

झुडूप बुंध्याशी तोडले किंवा माळाला लागलेल्या वणव्यात होरपळले तरी जमिनीतील भागातून नवे धुमारे फुटतात. बियांचे कवच टणक असते. त्यामुळे एका पावसात सगळ्या बिया रुजत नाहीत. काही जमिनीत पडून राहतात आणि पुढच्या एखाद्या बऱ्या वर्षी उगवतात. पावसाची शाश्वती नसलेल्या प्रदेशात हे शहाणपणाचे ठरते, कारण एखादे वर्ष फसले तरी पुढच्या पिढीची तरतूद मातीत शिल्लक असते.

पानांत व सालीत असलेल्या तुरट द्रव्यांमुळे गुरे आणि शेळ्या-मेंढ्या तरवडाला सहसा तोंड लावीत नाहीत. धनगरांचे कळप माळावरून फिरून गेले, गवत खुडले गेले, तरी तरवड तसाच उभा असतो. याचा एक अर्थ जाणकार चटकन ओळखतात. गवतात अधूनमधून तरवड असणे हे माळाचे नैसर्गिक रूप आहे. गवत जवळपास नाहीसे होऊन तरवडच तरवड माजला असेल, तर त्या माळावर चराईचा ताण प्रमाणाबाहेर गेला आहे असे समजावे.

शेंगावर्गीय कुळातील म्हटल्यावर त्याच्या मुळांवर नत्र साठवणाऱ्या गाठी असतील अशी अपेक्षा असते. पण हरभरा किंवा तूर यांच्याप्रमाणे तरवडाच्या मुळांवर त्या येत नाहीत. असे असूनही त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून शेतात गाडण्याची पद्धत दक्षिण भारतात, विशेषतः भातशेतीत, जुनी आहे. खोल थरांतून मुळांनी वर आणलेली पोषक द्रव्ये पाल्यावाटे शेताला मिळतात.

भुंग्यांसाठी राखलेले फूल

तरवडाच्या फुलात मध नसतो. कीटकांना देण्यासारखे त्याच्याजवळ असतात ते केवळ परागकण, आणि तेही सहजासहजी मिळत नाहीत. बहुतेक फुलांचे परागकोश उभे फाटतात. तरवडाच्या परागकोशाच्या टोकाला मात्र बारीक छिद्र असते. ते उलटे धरलेल्या मीठदाणीसारखे हलवावे लागते. हे काम मोठे काळे भुंगे करतात. भुंगा फुलाला घट्ट धरून पंख न फडफडवता छातीचे स्नायू वेगाने थरथरवतो. त्या कंपनाने छिद्रांतून परागकणांचा फवारा बाहेर पडतो. सकाळच्या वेळी फुललेल्या तरवडाजवळ थांबले तर ही तुटक गुणगुण स्पष्ट ऐकू येते.

फुलात दहा पुंकेसर असतात, पण सर्वांचे काम सारखे नसते. वरचे तीन वांझ असतात. उरलेल्यांची लांबी कमी-अधिक असते. लहान केसरांतील पराग भुंग्याचे खाद्य ठरतात, तर खालच्या लांब केसरांतील पराग त्याच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलाकडे जातात. स्त्रीकेसराची वाकलेली दांडी काही फुलांत डावीकडे, तर काहींत उजवीकडे झुकलेली असते आणि दोन्ही प्रकारची फुले एकाच झुडपावर आढळतात. डाव्या फुलात भुंग्याच्या ज्या बाजूला पराग लागतात, ती बाजू उजव्या फुलाच्या स्त्रीकेसराला टेकते, असा या रचनेचा अर्थ लावला जातो.

फुलपाखरांनाही तरवड उपयोगी पडतो. ‘इमिग्रंट’ गटातील फिकट पोपटी-पांढरी फुलपाखरे सेन्ना वर्गातील झाडांच्या पानांवर अंडी घालतात आणि सुरवंट तीच पाने खाऊन वाढतात. जनावरांना नकोशा असलेल्या पानांवर कीटकांची एक पिढी पोसली जाते ती अशी.

कातडी कमावणारी साल

इंग्रजीत तरवडाला ‘टॅनर्स कॅशिया’ म्हणतात, ते त्याच्या सालीमुळे. सालीत टॅनिन या तुरट द्रव्याचे प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असते. टॅनिन कातड्यातील प्रथिनांशी घट्ट बांधले जाते आणि एरवी कुजून जाणारे कातडे टिकाऊ व लवचीक बनते. साल वाळवून, कुटून, पाण्याच्या हौदात भिजवून त्यात कातडी मुरवत ठेवण्याची ही पद्धत दक्षिण भारतात मोठ्या प्रमाणावर चाले. मद्रास इलाख्यातून ‘ईस्ट इंडिया’ या नावाने परदेशी जाणारे अर्धवट कमावलेले कातडे मुख्यतः याच सालीवर तयार होत असे. तरवडाने कमावलेले कातडे फिकट रंगाचे असते, पण उजेडात राहिल्यास लालसर पडते. म्हणून अखेरीस त्याला हिरड्याचा हात देण्याची रीत होती.

महाराष्ट्रात ढोर समाजातील कारागीर या कामासाठी मुख्यतः बाभळीची साल आणि हिरडा वापरीत. कोल्हापुरी चपलेचे कातडे याच पद्धतीने कमावले जाते. जिथे तरवड मुबलक, तिथे त्याच्या सालीचाही उपयोग होई. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या पुढाकाराने क्रोमियमचे क्षार वापरून कातडी कमावण्याचे प्रयोग सुरू झाले. काही आठवड्यांचे काम काही दिवसांत होऊ लागले. जोडीला दक्षिण आफ्रिकेतून टॅनिनयुक्त वॅटल साल येऊ लागली आणि तरवडाच्या सालीची मागणी घटत गेली. क्रोमयुक्त सांडपाण्याचे दुष्परिणाम पुढे उघड झाल्यानंतर वनस्पतिजन्य पद्धतींकडे पुन्हा लक्ष वळले आहे. परंतु साल सोलून आणणाऱ्यांची साखळी एकदा तुटली की ती सहज जोडली जात नाही.

घटाची माळ आणि बतुकम्मा

नवरात्रात घटावर रोज एक माळ चढवण्याची प्रथा महाराष्ट्रभर आहे. देशावर आणि मराठवाड्यात त्यासाठी रानात आणि शेतात फुललेली पिवळी फुले आणतात. कारळ्याची फुले शेतातून आणि तरवडाची माळावरून येतात. बाजारात झेंडू मुबलक मिळू लागल्यावर शहरांत ही प्रथा मागे पडली, पण खेड्यांत ती अद्याप दिसते.

शेजारच्या तेलंगणात या फुलाला फार मोठा मान आहे. नवरात्राच्याच काळात तेथे बतुकम्मा हा फुलांचा सण साजरा होतो. ताटात तंगेडू, म्हणजे तरवड, कुर्डूची फुले आणि झेंडू यांचे थर रचून निमुळता मनोरा केला जातो. स्त्रिया त्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि अखेरीस तो तळ्यात सोडतात. जून २०१४ मध्ये तेलंगण राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी तंगेडूला राज्यफुलाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हण हे ओल्या जंगलातले, तर शेजाऱ्याने निवडलेले फूल कोरड्या माळावरचे. दोन राज्यांनी आपापल्या भूमीची ओळख कशात पाहिली, हे या दोन निवडींतून दिसते.

ठाणे जिल्ह्याला हा सण परका नाही. यंत्रमागांच्या उद्योगानिमित्त भिवंडीत स्थायिक झालेला तेलुगू भाषक पद्मशाली समाज तेथे बतुकम्मा साजरा करतो. सोलापुरातही अशीच परंपरा आहे. भिवंडीच्या आसपास तरवड फारसा नसल्याने बाजारातील फुलांवर भागवावे लागते, एवढाच काय तो फरक.

औषध म्हणून

तमिळनाडूत वाळवलेल्या आवारम फुलांचा काढा आणि श्रीलंकेत ‘रणवरा’ या नावाने त्याचा चहा घेतला जातो. आयुर्वेद आणि सिद्ध या दोन्ही परंपरांत तरवडाचा, विशेषतः मधुमेहावर, उपयोग सांगितला आहे. प्रयोगशाळेत प्राण्यांवर केलेल्या काही चाचण्यांत रक्तशर्करा कमी झाल्याचे आढळले. तथापि माणसांवरील पुरेशा चाचण्यांशिवाय त्याला इलाज म्हणता येत नाही. चालू औषधे थांबवून किंवा त्यांच्या जोडीला परस्पर काढा घेणे धोक्याचे ठरू शकते. टंचाईच्या काळात कोवळी पाने, फुले आणि शेंगा भाजी म्हणून खाल्ल्या जात. ती चवीची भाजी नव्हती, गरजेची होती.

‘पडीक’ या शब्दाची किंमत

ब्रिटिश काळातील महसूल व्यवस्थेत जमिनीचे मोल तिच्यावर बसणाऱ्या साऱ्यावरून ठरे. जिथे पीक नाही आणि इमारती लाकूडही नाही, ती जमीन पडीक. स्वातंत्र्यानंतरही हा विचार कायम राहिला. देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशे सरकार प्रसिद्ध करते, त्यांत झुडपी आणि गवताळ प्रदेश मोठ्या प्रमाणात मोडतात. पडीक ठरलेल्या जागेवर काहीतरी उभे करणे हे आपोआप सत्कार्य ठरते. दख्खनच्या माळांवर वनीकरणासाठी समतल चर खोदले गेले आणि ओळीने गिरिपुष्प लावले गेले. अलीकडे सौर प्रकल्प, औद्योगिक वसाहती आणि भूखंड यांसाठीही अशाच जमिनी आधी निवडल्या जातात.

माळरान म्हणजे पूर्वीचे जंगल तुटून उरलेली ओसाडी, हे या विचारामागचे गृहीत. अलीकडच्या संशोधनाने त्याला जोरदार धक्का दिला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातील जुने मराठी वाङ्मय आणि मौखिक परंपरा धुंडाळून वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेराव्या शतकापासूनच्या या साहित्यात ४४ रानटी वनस्पती आढळल्या. त्यांपैकी २७ माळरानाच्या आणि दाट जंगल सुचवणाऱ्या फक्त तीन होत्या. म्हणजे किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही हा प्रदेश गवत आणि काटेरी झुडपांचाच होता. २०२२ मधील दुसऱ्या एका अभ्यासानुसार भारतीय माळरानांत केवळ याच देशात सापडणाऱ्या २०६ वनस्पती असून त्यांपैकी ४३ टक्क्यांचा शोध मागील दोन दशकांत लागला आहे. ज्या जागेत काही नाही असे म्हटले जाते, तेथे वनस्पतिशास्त्राला अजून नव्या जाती मिळत आहेत.

देशातील कोरडे, खुले नैसर्गिक प्रदेश एकूण भूभागाच्या सुमारे दहा टक्के आहेत, पण त्यांतील पाच टक्क्यांहूनही कमी क्षेत्राला संरक्षण आहे. महाराष्ट्रात नान्नजचे माळढोक अभयारण्य (१९७९), अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य (१९८०) आणि बारामती तालुक्यातील सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) ही त्यांची प्रमुख उदाहरणे. यांपैकी रेहेकुरी सुमारे सव्वादोन आणि मयूरेश्वर सुमारे पाच चौरस किलोमीटरचे आहे. माळढोक अभयारण्याचे कागदोपत्री सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर असलेले क्षेत्र २०१२ मध्ये सुमारे १,२२० वर आणले गेले. त्यात खाजगी शेती आणि गावेही होती हे खरे, पण ज्या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले तो माळढोक तेथून जवळपास नाहीसा झाला आहे. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक आणि चंडोल यांची भिस्त उरलेल्या तुकड्यांवर आहे. पुणे वनविभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे माळरान सफारी सुरू केली. माळरान पाहायला माणसे पैसे भरून येतात, ही गोष्ट त्या गावांसाठीही नवी होती.

घराजवळ तरवड

ठाणे-डोंबिवलीसारख्या शहरात तरवड लावता येतो, पण पाण्याचा निचरा ही मुख्य अट आहे. मुरूम किंवा जाड वाळू मिसळलेली माती, उंच वाफा अथवा खोल कुंडी आणि दिवसभराचे ऊन त्याला लागते. बिया गरम पाण्यात घालून रात्रभर भिजवल्यास किंवा कवच हलकेच घासल्यास उगवण सुधारते. सोटमुळाला धक्का सहन होत नाही, म्हणून बी शक्यतो कायमच्या जागीच पेरावे. कोकणातील पावसाळ्यात त्याला पाणी देण्यापेक्षा पाण्यापासून जपणे अधिक महत्त्वाचे असते. माळावरची वाढलेली झुडपे उपटून आणू नयेत. ती जगत नाहीत आणि माळाचेही नुकसान होते.

माळरानावर मात्र तरवड लावण्याची गरजच पडत नाही. चराईला काही काळ विसावा मिळाला, जमीन नांगरली गेली नाही आणि वर दाट सावलीची परकी झाडे लादली गेली नाहीत, तर गवत परत येते आणि त्याच्यासोबत तरवड आपल्या योग्य प्रमाणात राहतो. त्यासाठी खर्च जवळपास काहीच नाही. सातबाऱ्यावर आणि सरकारी नकाशावर त्या जमिनीची नोंद कोणत्या शब्दाने होते, एवढाच प्रश्न आहे.